प्रदर्शनातली गॅलरी

माझं काम लोकांना समजावून सांगायला वेळ लागतो. मी झाडं लावत नाही, विकतही नाही. नर्सरीवाल्यांची झाडं मी मांडून देते. आधी मी कॉलेज रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात काचेआडचे पुतळे नटवायचे. नवऱ्यापासून वेगळी झाले त्याच सुमारास ते दुकानही सुटलं, आणि ओळखीच्या एका नर्सरीत मदत करता करता हे काम मिळत गेलं. फुलावर आलेली झाडं डोळ्यांच्या उंचीवर ठेवायची, खत आणि कुंड्या पैसे घेण्याच्या टेबलाजवळ, आणि प्रत्येक झाडापुढे ऊन किती, पाणी किती याची मराठीत पाटी लावायची. एवढ्याने गिऱ्हाईक रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाती जात नाही.

दिवसभर स्कूटरवर ओझरपासून देवळालीपर्यंत हिंडायचं आणि संध्याकाळी पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं कुलूप उघडायचं. कधीकधी झोपताना लक्षात यायचं, की आज आपण ‘ही कुंडी इकडे घ्या’ याखेरीज कुणाशी काही बोललोच नाही.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका मैदानावर बागकामाचं प्रदर्शन भरलं. मखमलाबादकडच्या एका नर्सरीवाल्या दादांनी स्टॉल घेतला आणि मला बोलावलं. भाजीपाल्याच्या शेतातच त्यांनी नर्सरी उभी केली होती.

मी म्हणाले, “दादा, निम्म्या जागेत आपण गॅलरी करू. फ्लॅटला असते तशी. कठडा, वेताच्या खुर्च्या, छोटं टेबल आणि भोवती झाडं.”

“ताई, खुर्च्यांच्या जागी माझा आख्खा गुलाब बसला असता. लोकं झाडं घ्यायला येणार का बसायला?”

“आधी बसतील, मग घेतील.”

“मला नाय पटत,” म्हणत ते गेले. पण कठड्यासाठी जुनं ग्रील त्यांनीच शोधून आणलं.

पहिल्याच दिवशी लोक थांबायला लागले. खुर्चीत बसून फोटो काढायचे, मग हळूच एखाद्या पानाला हात लावायचे. एका नव्या जोडप्याने तर सांगितलं, “आम्हाला हे सगळं असंच्या असं पाहिजे.” दादा माझ्याकडे बघून हसले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर माझ्याच वयाची एक बाई आली, खुर्चीत बसली आणि उठेचना. दादा मला खुणावायला लागले. मी जवळ गेले.

“काही दाखवू का?”

“नको. जरा बसू द्या,” ती म्हणाली. “किती दिवसांनी असं बसायला मिळालं.”

तिचा नवरा सैन्यात होता आणि देवळाली कॅम्पात त्यांचं क्वार्टर होतं. माहेर साताऱ्याकडचं. दोन-तीन वर्षं झाली की बदली.

“प्रत्येक गावात झाडं लावते आणि सोडून जाते,” ती म्हणाली. “मागून येणारी बाई पाणी घालते की नाही, देव जाणे. तुमच्या घरी तर जंगलच असेल ना?”

“एकही झाड नाही,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी उगाच एका कुंडीची पाटी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी ती थालीपिठांचा डबा घेऊन आली. आम्ही दोघी त्या खोट्या गॅलरीत बसून जेवलो, समोरच्या टपरीवरचा चहा प्यायलो. बाहेरून लोक बघत होते आणि आत येत होते. “तुम्ही दोघी बसल्या की लय गिऱ्हाईक येतं,” दादा म्हणाले. “उठूच नका.” आम्ही उठलो नाही. माझ्या संसारात भांडण असं झालंच नव्हतं, घर नुसतं गप्प होत गेलं, हे मी तिला सांगितलं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. डब्यातलं शेवटचं थालीपीठ तिने माझ्याकडे सरकवलं.

प्रदर्शन संपलं तेव्हा म्हणाली, “रविवारी तुझ्याकडे येते.”

मी दादांकडून झाडं आणली, गॅलरी धुतली, नव्या खुर्च्या मांडल्या. रविवारी सकाळी पोहे केले. ती आली, पण दोन्ही हातांत कुंड्या घेऊन. कुंड्या कसल्या, रंगाचे डबे आणि एक फुटकी बादली. गवती चहा, कढीपत्ता, ओवा, मोगरा. खाली गाडीत नवरा थांबला होता.

“ऑर्डर आली गं. या आठवड्यात निघतोय. पार आसामला. या वेळी झाडं कुणाच्या तरी हातात देऊन जायची आहेत.” गॅलरीत पाऊल टाकून ती हसली. “अगं, हे तर प्रदर्शनच आहे!”

“बस ना.”

“खाली गाडी उभी आहे.” तिने मातीत बोट खुपसून दाखवलं. “असं बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी.”

ती गेल्यावर मी ओट्याशी उभ्यानेच पोहे खाल्ले.

झाड चार दिवस सुंदर कसं दाखवायचं हे मला येत होतं. ते वर्षभर घरात कसं राहतं, हे कधी बघायची वेळच आली नव्हती. दादांकडची झाडं मी स्टॉलवर लावावीत तशी खेटून लावली होती. ती पिवळी पडली. मोगऱ्याची पानं गळाली तेव्हा मी घाबरून तिला फोन केला. “उन्हात ठेव आणि सारखी हात लावू नकोस,” ती म्हणाली. सुरुवातीला आम्ही रोज बोलायचो. मग तिकडे रेंज नसायची, मग तिला नव्या शेजारणी मिळाल्या. बोलण्यात त्यांची नावं येऊ लागली आणि दोन फोनमधलं अंतर वाढत गेलं.

उन्हाळ्यात मोगऱ्याला पहिली फुलं आली. मी फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, “माझाच ना?”

“हो,” मी लिहिलं.

पुढे काही आलं नाही. मी फुलं खुडून बशीत ठेवली, घरभर वास पसरला. त्या दिवशी मला ओझरला एका नव्या नर्सरीत पोचायचं होतं. स्कूटरची किल्ली हातात घेऊन मी बराच वेळ गॅलरीतल्या खुर्चीतच बसून राहिले.