कचरा डेपोवर जडलेला जीव

माझी आत्या नगरपालिकेत नकाशे काढते. घरात स्वतःचा चष्मा तिला सापडत नाही, पण कागदावर गल्लीचं वळण केसभरही चुकत नाही. निदान तसा तिचा दावा होता.

मध्यंतरी साहेबांनी तिला वेगळंच काम दिलं. वस्तीतला रस्ता रुंद करायचा होता. लोकांचा जीव कुठे गुंतलाय ते नकाशावर उतरवून आणा, तेवढ्या जागांना हात लावणार नाही, असं ठरलं. आत्याने वाचनालयाच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला, शेजारी लाल टाचण्या ठेवल्या. नकाशावर एकही नाव लिहिलं नाही. नावं वाचली की लोक मोठ्या जागा निवडतात, आवडत्या नाही, असं तिचं म्हणणं. एकदा तिने ठरवलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, स्वतःच्याही नाही.

तिचे वडील म्हणजे माझे आजोबा. हल्ली ते माणसांची नावं विसरतात. पण संध्याकाळी टेकडीखालच्या दगडी पायऱ्यांवर एकटे जाऊन बसतात आणि आपले आपण परत येतात. एवढीच मोकळीक त्यांना उरली होती, आणि त्या पायऱ्या रुंदीकरणात जाणार होत्या.

टाचण्या लागल्या. पायऱ्यांवर एकही नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कचरा डेपो आहे, तिथे मात्र ही गर्दी. आत्या चक्रावली. लोकांचा जीव कशावर जडेल सांगता येत नाही, हे खरं, पण कचऱ्यावर?

शेवटच्या दिवशी तिने आजोबांना नेलं. मीही होतो. त्यांनी टाचणी उचलली आणि न अडखळता डेपोवर टोचली.

"आपल्या पायऱ्या," ते म्हणाले.

आत्याचा चेहरा पडला. आता रस्ताही विसरले, उद्यापासून दाराला कडी घालावी लागणार, हे तिच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं.

"अण्णा, पायऱ्या खालच्या बाजूला आहेत," ती हळूच म्हणाली.

"खाली कशा असतील?" आजोबांनी नकाशाशेजारच्या खिडकीकडे बोट केलं. "टेकडी तर ही समोर."

खिडकीत टेकडी होती. वस्तीच्या दक्षिणेला. आत्याने शिरस्त्याप्रमाणे नकाशात उत्तर वर धरली होती, म्हणजे डेपो वरच्या टोकाला आला होता, आणि सगळी वस्ती समोरची टेकडी बघून समोरचं ते वर, असं समजली होती. आत्या मटकन बाकावर बसली. आधी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली.

"मी एक नंबरची गाढव आहे," ती म्हणाली. मी वाद घातला नाही.

तिने लोकांना पुन्हा बोलावून एकेकाला तोंडी विचारलं. जो तो पायऱ्यांचंच बोलला. साहेब कुरकुरले, पण नव्या रस्त्याची रेघ पायऱ्यांपासून लांब सरकली.

त्या संध्याकाळी आजोबांनी चपला घातल्या आणि निघाले. कुठे, कधी येणार, आत्याने काही विचारलं नाही. दार उघडं ठेवून ती भाजी चिरायला बसली.