शास्त्रीबुवा वावरात कायले गेले?

छापलेलं अक्षर वाचल्याशिवाय सोडायचं नाही असा पण केलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा सासरा निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष! खताच्या पोत्यावरचा मजकूर, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, लग्नपत्रिकेतली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, सगळं मामाजी सारख्याच गांभीर्यानं वाचतात आणि मग शंका काढतात. नियम दिसला की मग तर विचारूच नका. रिसोडच्या एस्टीत ‘हात खिडकीबाहेर काढू नये’ वाचून त्यांनी हात दाखवून गाडी वळवणाऱ्या ड्रायव्हरलाच हटकलं होतं. मी शेजारी बसलो होतो. ओळख दाखवली नाही.

गेल्या भादव्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती आजोबा होते. घरी जाताना त्यांनी प्रेमानं शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका मामाजींच्या हातात ठेवली. आता पुस्तिका हातात, काळा चष्मा डोळ्यावर आणि वाचायला डॉक्टरची मनाई. मग वाचायचं कोणी? जावयानं! मी शाळेतून रजा काढून त्यांच्या सेवेला सासुरवाडीत, म्हणजे रिठदजवळच्या त्यांच्या गावी येऊन पडलेलोच होतो. दुसऱ्या अध्यायापर्यंत आमचं बरं चाललं. तिथं विसाव्याच्या दिवशी येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडतात आणि धर्मशास्त्री जाब विचारतात की आज करू नये ते हे लोक का करतात? झालं, गाडी तिथंच रुतली.

“थांबा जवाईबापू. वावर कोनाचं होतं?”

“ते लिहिलेलं नाही, मामाजी.”

“असू द्या. पन सुटीच्या दिवशी हे शास्त्रीबुवा वावरात काय करून राह्यले होते?”

वीस वर्षं मास्तरकी केली, पण असा प्रश्न कुठल्या पोरानं विचारला नव्हता! विसाव्याचा दिवस माणसासाठी केला, माणूस त्या दिवसासाठी नाही, हे येशूचं उत्तर मी घाईघाईनं वाचून दाखवलं. “ते बराबर हाय, पन माहा प्रश्न वेगळा हाय,” म्हणत त्यांनी मान हलवली. मग न्हाव्याला विचारून झालं, दूधवाल्याला विचारून झालं. माझी बायको तर “बाबा, आधी जेवा!” एवढंच म्हणाली.

शास्त्रीबुवांबद्दल मामाजींना आपुलकी वाटायला कारण होतं. गावाचा जुना नेम असा की अमावास्येला बैल जुंपायचा नाही, विळा लावायचा नाही, वावरात पाऊलच टाकायचं नाही. गाव विसरलं असतं, पण कोणी न नेमता मामाजींनी तीस वर्षं त्याची राखण केली. दर अमावास्येला सकाळी त्यांची शिवारात फेरी असायची. कोथिंबीर खुडायला गेलेल्या सख्ख्या बहिणीलाही त्यांनी बांधावरून परत पाठवलं होतं.

ऑपरेशननंतर आलेल्या अमावास्येलाही ते निघाले, काळा चष्मा लावून, माझा दंड धरून. पाहतो तर शांताबाईंच्या वावरात मळणीचा थ्रेशर उभा! शांताबाई म्हणजे धुऱ्याला, बांधाला बांध लागून वावर असलेल्या विधवा बाई. वर्षाची सगळी भिस्त दोन एकर सोयाबीनवर, ते कापून ढीग लावलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि थ्रेशरवाल्याला सवड त्याच एका दिवशी.

“शांता, आज अमावस हाय,” मामाजी गरजले.

“मले मालूम हाय भाऊ. आभाळाले मालूम नाही!” बाईंनी पदर खोचला. “अन् आज वावरात कोनी यायचं नाही ना? मंग तुमी कायले आले?”

मामाजींनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा वावरातल्या आपल्या पायांकडे.  मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “जवाईबापू, ते शास्त्रीबुवा पहाऱ्यावर होते.”

“कोणते शास्त्रीबुवा?”

“पुस्तकातले. माह्यासारखे.”

आणि मग थ्रेशरवाल्यावर ओरडले, “काय पाहून राह्यले बे? लावा थ्रेशर!”

वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वाऱ्यानं ताडपत्री फडफडायला लागली तशी हा माणूस तिच्या कोपऱ्यावर जाऊन मांडी घालून बसला. “मले वजन उचलता येत नाही, वजन म्हनून तं बसता येते ना?” डोक्यात भुसा, चष्म्यावर भुसा, पण स्वारी हलली नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. दुपारी चारला पाऊस कोसळला, तेव्हा शेवटचं पोतं शांताबाईंच्या घरात पोचलं होतं.

पाऊस ओसरल्यावर आम्ही घरी निघालो.  सासूबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

“तुमच्या सासूनंही एका अमावसेले इचारलं होतं,” मामाजी एकदम म्हणाले. “असंच आभाळ आलं होतं, मूग खळ्यात पडला होता. उचलू का म्हने. मी नाही म्हन्लं.”

“मग?”

“मंग काय, भिजला. कोंब फुटले साऱ्या मुगाले. महिनाभर ते वाळवत बसली, पन मले एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं, बापा.”

मी त्यांचा हात जरा घट्ट धरला. पुढची वाट चिखलाची होती.