डाव्या सीटवरचं कॅनव्हास

आपल्या मासिकात असले अनुभव छापून येतात तेव्हा मी ते पान उलटून पुढे जातो, हे आधीच सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. माझा धंदा मापाचा. चिंचवड स्टेशनजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून माझं कॅनव्हास शिवायचं दुकान आहे — टांग्यांचे टप, ट्रकच्या ताडपत्र्या, आणि इकडे कारखाने उभे राहायला लागल्यापासून मोटारींची कामंही. जे टेपने मोजता येत नाही त्याबद्दल मी बोलत नाही. पण ही गोष्ट मी टेपनेच मोजली आहे...

दाते साहेब इथल्या एका नव्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्याकडे हिरव्या रंगाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार होती, विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्याकडून घेतलेली. त्यांची बायको सुमतीबाई क्षयाने आजारी, नदीपलीकडच्या सॅनिटोरियममध्ये. ड्यूटी सुटली की साहेब रोज तिकडे जात. रस्त्याचं काम चाललेलं, धुरळा इतका की माणूस पांढरा होऊन जाई. म्हणून त्यांना टोनो हवा होता. टोनो म्हणजे टप नव्हे. दोन्ही सीटवरून सपाट ताणून, कडेने टिचबटणांनी बसवायचं कॅनव्हास. मधोमध चेन असते. एकटा माणूस आपल्या बाजूचं अर्धं उघडून गाडी चालवतो, शेजारची सीट झाकलेलीच राहते.

"तिची सीट स्वच्छ राहिली पाहिजे, मास्तर," साहेब म्हणाले. "इंजेक्शनं लागू पडताहेत. घरी येईल ती याच सीटवर बसून."

घरी जेवताना हे सांगितलं, तर आमची ही म्हणाली, "नवऱ्याच्या डाव्या हाताची जागा ती. जिवंत बाईच्या जागेवर कसलं पांघरूण घालता?" मी हसलो. म्हटलं, तुझ्या हिशेबाने ट्रकमधल्या गुळालाही सुतक लागायचं.

कापड मी नेहमीप्रमाणे आधी भिजवून वाळवून घेतलं, म्हणजे नंतर आटत नाही. माप दोनदा घेतलं. शिवून झाल्यावर दुकानाच्या सावलीत गाडी उभी करून चढवलं. उजवी बाजू ढोलकीच्या पानासारखी ताणून बसली. डाव्या बाजूची बटणं अडीच इंच कमी पडली.

काढलं. जमिनीवर पसरून मधोमध घडी घातली, दोन्ही अर्धे भाग तंतोतंत जुळले. पुन्हा चढवलं. पुन्हा अडीच इंच.

ज्ञानबा म्हणून इथल्याच गावचा वयस्क गडी माझ्या हाताखाली आहे. तो म्हणाला, "मास्तर, खाली काय ऱ्हायलंय का बगा." मी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. सीट मोकळी. हात बाहेर काढला, तर कॅनव्हास वर आलेलंच — पुढच्या अंगाला शेजारी-शेजारी दोन उंचवटे. ज्ञानबा हळूच म्हणाला, "गुडघं हायती." त्यानंतर त्याने त्या गाडीला हात लावला नाही.

मी साहेबांना एवढंच सांगितलं की डावी बाजू दुरुस्त करावी लागेल. ते चिडले नाहीत. "तुमची टेप पुण्याची दिसते मास्तर, कापड द्यायला मागेपुढे बघते," म्हणाले, आणि बटणं उघडी ठेवूनच गाडी नेली.

मी डावीकडे तीन इंचांची पट्टी जोडून पाहिली. तरीही अडीच इंच कमी. पट्टी उसवून टाकली. तरी तेवढंच. शिलाईची चूक असती तर तीन इंच वाढवल्यावर काहीतरी फरक पडायला हवा होता की नाही? कापड, स्प्रिंगा, आत कोंडलेली हवा, सगळं तपासलं. एकदा थंडीत सकाळीच गाडी दुकानात आली होती. सहज हात ठेवला. उजवी बाजू गारढोण, डावी कोमट... पांघरुणात कुणी झोपलेलं असावं तशी.

मग एका दुपारी साहेब आले. दाढी घोटलेली, हातात पेढ्यांचा पुडा. सोमवारी घरी सोडणार होते तिला. "आता तरी बसवा तुमचं कव्हर," म्हणाले. मी उजवीकडून सुरुवात केली. डावीकडे आलो आणि बटणं एकामागून एक लागत गेली. जोर लावावा लागला नाही. एक सुरकुती नाही. मी तळहात टेकवला. कापड गार होतं.

साहेब खूश झाले. "मानलं तुम्हाला, मास्तर!"

ज्ञानबा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. साहेबांना थांबवावं असं फार वाटलं. पण सांगणार काय? माप बरोबर आलंय म्हणून जाऊ नका? त्यांनी मला पेढा दिला, आपल्या बाजूची चेन उघडली आणि गेले. सुमतीबाईंना दुपारीच, साहेब पेढे घेत होते त्या सुमाराला, रक्ताची उलटी झाली होती. साहेब पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर ते दुकानात आले. गाडीच्या डाव्या बाजूवर हात ठेवून उभे राहिले.

"ती पट्टी परत जोडा, मास्तर."

मी म्हटलं, साहेब, आता झोळ पडेल. धूळ साचेल, पावसात पाणी साचेल.

"साचू दे. तिला दाटीवाटी नको." मग खाली बघत म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत, पण मला ठाऊक होतं ते का बसत नव्हतं. जाता-येता शेजारी ऊब लागायची. मला वाटायचं, घरी यायची घाई झालीय तिला."

मी पट्टी जोडली. आणखी काय करणार होतो?

माझी मापं बरोबर होती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मग ते कापड आधी कमी का पडत होतं आणि त्या दुपारी पुरलं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. कुणा वाचकाला कळलं तर जरूर लिहावं.

साहेब अजून याच रस्त्याने कामावर जातात. मधूनच दुकानासमोर थांबतात, उतरत नाहीत. "मास्तर, जरा टेप लावता का?" मी मशीनवरून उठतो, बाहेर जाऊन डाव्या बाजूचा झोळ मोजतो आणि आकडा सांगतो, दर वेळी एकच. तीन इंच. ते मान हलवतात आणि गाडी सुरू करतात.