बारा डब्यांत एकच पोट

आमच्या प्रयोगशाळेत पोटातल्या जंतूंवरून आजार ओळखणारी पट्टी बनत होती. पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण. विष्ठेचा थेंब टाकला की रंग पालटतो. पट्टी खोटी नव्हती. खोटा मी.

साहेबांना तुलनेसाठी 'रानातलं निर्मळ पोट' हवं होतं. गाडीतून न उतरणाऱ्यांना रानाचं फार कौतुक असतं. त्यांनी मला बारा डब्या देऊन ठाकुरवाडीच्या वरच्या वाडीत धाडलं. तिथे नख, केस, मळ परक्याच्या हाती देत नाहीत. करणी होते म्हणतात.

"गू नेऊन काय करनार रं? शेतात घालनार?" एक म्हातारी म्हणाली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या; डबी भरून कोणीच दिली नाही.

उतरताना मात्र त्यांच्यातलीच एक चाळिशीची बाई मागून धावत आली. भरलेली डबी पुढे करून म्हणाली, "रगत पडतंय, दादा. घरात कुनाला म्हाईत नाय. खरं काय ते मला सांग."

ती डबी मी बर्फाच्या खोक्यात घालून टेंपोच्या टपावर ठेवली आणि कर्जतला मिसळ चापत बसलो. उन्हात बर्फ वितळला, झाकण सुटलं, सगळं सांडलं. साहेबांचा फोन आला, "बाराच्या बारा हव्यात." दुसऱ्या सकाळी मी घरच्या संडासात बसून बाराही डब्या भरल्या.

पुढच्या महिन्यात साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. "बघा, पिढ्यान्‌पिढ्यांचं रानातलं आरोग्य!" मिसळीवर आणि पित्ताच्या गोळ्यांवर पोसलेलं माझं पोट ते! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

त्या बाईच्या नावाचा तपासणीचा कागद द्यायला मीच वाडीवर गेलो. 'डबी सांडली, पुन्हा दे,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाकीच्या अकरा डब्या कुणी भरल्या, हे साहेबांनी विचारलं असतं. मी म्हणालो, "सगळं चांगलं हाय." तिने कागद कपाळाला लावला. "मंग मूळव्याधच असंल," म्हणत भाताच्या लावणीला गेली.

दिवाळीनंतर तिला कर्जतच्या दवाखान्यात आणल्याचं कळलं. मी गेलो. आतड्याची गाठ पसरली होती. "इतके महिने कुठे होतात?" डॉक्टर ओरडले. नवऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला आणि माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आतच ती खाटेवरून म्हणाली, "त्यांना नका बोलू. मशीन चुकलं असंल."

"हो," मी म्हणालो, "मशीनच चुकलं."