शिकारखान्यातला दवाखाना

बहारीनमधल्या सलमाबादच्या वर्कशॉपमधून आम्हाला ज्या सरकारी दवाखान्यात पाठवत, तो मुळात एका शेखाचा शिकारखाना होता. भिंतींवर जुनी नक्षी तशीच होती आणि ससाणे बसवायच्या लाकडी खुंट्यांना आता पेशंटांच्या पिशव्या लटकत.

दाराशी एक म्हातारा बहारिनी शिपाई असे. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे चाचा म्हणत. तरुणपणी त्यानं इथेच ससाणे सांभाळले होते. बिथरलेल्या ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी घातली की तो शांत होतो. चाचाची ती सवय सुटली नव्हती. पोर रडायला लागलं की तो त्याला वाकवलेल्या डाव्या हातावर बसवी, उजव्या तळव्यानं डोळे झाकी आणि नर्सला मानेनं सुई टोचायची खूण करी.

सन ऐंशीच्या सुमारास मी देवगडहून नवाच आलो होतो. पत्र्यानं हात कापला म्हणून गेलो. धनुर्वाताच्या सुईचं काही वाटत नव्हतं, पण नर्सनं घरी कोण कोण असतं विचारलं आणि माझे ओठ थरथरायला लागले. चाचानं जवळ येऊन माझेही डोळे झाकले.

"नया बाज भी ऐसाच डरता," तो म्हणाला. "आँख बंद, डर खलास."

तळव्याला वेलचीचा वास होता. त्या अंधारात मला आमची पडवी दिसली, वाळत घातलेली आमसुलं दिसली.

इंजेक्शन झालं. त्यानं हात काढायला घेतला, तेव्हा मी, एवढा बाप्या, त्याचं मनगट धरून ठेवलं. बाहेर रांग खोळंबली होती. त्यानं हात तसाच राहू दिला.