पुढची फरशी

९ मार्च १९९८ रोजी आमच्या खाणीतून दवाखान्याच्या ओसरीसाठी एकोणीस फरशा गेल्या. बिल २,१८५ रुपयांचं. खाणीचा कारकून म्हणून मीच केलं होतं. त्यातली एक फरशी पुन्हा पाहायला मिळावी म्हणून आमचे दगड फोडणारे तिरपे बावीस वर्षं झुरले.

तिरपे हे आडनाव नव्हे. आमचा लाल वालुकाश्म तिरप्या थरांचा, आणि थर ओळखून छिन्नी लावावी तर त्यांनीच, म्हणून पडलेलं नाव. मी नवखा, हजेरीपटावर तेच आडनाव म्हणून चढवलं. "राहू द्या हो, बायकोनेही चालवून घेतलंय," म्हणाले.

बायको खाणीतच फरशा धुवायची. फरशा गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या तिरक्या उन्हात, तिला एका फरशीवर पावलं दिसली. बोटाच्या पेराएवढी, काठाकडे चढत गेलेली.

"अहो, हे पुढे गेलं कुठे?"

"थांब, हाक मारून विचारतो."

खाण पाहायला आलेल्या प्राध्यापक बाईंनी उलगडा केला. अठरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, इथे वाळवंट होतं. वारा वाळू टेकडीच्या माथ्यावर नेई, ती पलीकडच्या उतारावर घसरे. तेच हे तिरपे थर. दवाने ओलसर उतारावरून कुणीतरी चढलं, वर कोरडी वाळू पसरली, ठसे राहिले.

त्या फरशीला लागूनची, पुढची फरशी तिरप्यांनीच पावलं दिसण्याच्या आदल्या दिवशी, खळगे दिसले म्हणून, उलटी बसवायची खूण करून दवाखान्याला पाठवली होती. खळग्यांची बाजू खाली, हा खाणीचा नियमच.

"एकदा दाखवा ना," बायको म्हणे. "बघू," म्हणता म्हणता ती गेली.

निवृत्त झाल्यावर तिरपे माझ्याकडे आले. माझ्याकडच्या बिलाच्या प्रतीवर फरशांचे क्रमांक होते, आणि त्याच क्रमाने त्या बसवलेल्या. आम्ही दोघे दवाखान्यात गेलो.

"काका, चांगली ओसरी उखडायची?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"परत बसवून देतो. तुमच्या टाक्यांपेक्षा सफाईने."

त्या हसल्या आणि पेशंटांना आत बसवलं.

फरशी उलटली. तीन पावलं आणखी होती. पुढे नुसती गुळगुळीत वाळू, घसरून थिजलेली. तिरपे बराच वेळ तळवा ठेवून बसले.

"इथवर आलं होतं बघ," ते म्हणाले. मला ते अहो-जाहोच करत.

फरशी त्यांनी भिंतीकडेला, बाकाखाली, पावलं वर ठेवून बसवली. सिमेंट कमी पडलं, म्हणून शेजारच्या बांधकामावरून एक घमेलं उसनं आणलं. ते अजून परत करायचं आहे.