पाळीवर आडवी टाकलेली फांदी

बाळांनो, देव वाट दाखवतो असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात हसायची. लांबच्या सायकलफेरीला प्रत्येक वळण नि त्याचं अंतर चिठ्ठीवर लिहून हॅण्डलला लावायचं, ही माझी शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून नवस फेडायला भंडाऱ्याहून पवनीच्या गणपतीला एकटीच सायकलने निघाले, तेव्हाही माझा भरवसा खरा त्या चिठ्ठीवरच होता.

आसगावकडे जाताना फोनच्या नकाशाने तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जवळचा रस्ता दाखवला, तोही मी चिठ्ठीवर लिहून घेतला. सकाळचं धुकं दाट होतं. पाळीच्या तोंडाशी पळसाची मोठी फांदी आडवी पडलेली, तिच्यावर दोन दगड. कुणी हा पसारा केला, म्हणत मी दगड बाजूला रचले, फांदी नीट कडेला ठेवली आणि पुढे निघाले.

“ओ बाई! थांबा! थांबा ना जी!”

तलावातून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. मी दोन्ही ब्रेक दाबले. चाकापुढे हातभर माती होती. त्यापुढे पाळच नव्हती. फुटून वाहून गेली होती, आणि खाली खोल पाणी होतं.

कमरेएवढ्या पाण्यातून एक म्हातारा मासेमार धडपडत वर आला. “डगाल नाही दिसली का तुमाले?”

“फांदी ना? दिसली. मीच काढून ठेवली.”

“काऊन जी?”

“पसारा वाटला.”

“रस्ता बंद हाय म्हनून टाकली होती, मायबाई! आमची पाटीच उचलून ठेवली तुमी. लय शिकलेल्या दिसता!”

चाळीस वर्षं या जिल्ह्यात राहून मला एवढं कळलं नव्हतं. माझ्यामागून दुसरं कुणी आलं असतं तर? तो आधी धावत जाऊन फांदी पुन्हा आडवी टाकून आला.

“तुम्ही रोज इथेच असता?” मी विचारलं.

“नाही जी, माही जागा त्या टोकाले. आज जाळं इकडं अडकलं, तेच सोडवून राहिलो होतो.”

मी याला काही नाव देत नाही. घडलं तसं लिहिते आहे.

मग तो शेताच्या धुऱ्यावरच्या पायवाटेने पुढे चालला आणि सायकल ढकलत मी मागे. डांबरी सडक लागेपर्यंत मी ‘अजून किती’ असं एकदाही विचारलं नाही.

गणपतीपुढे हात जोडले, तेव्हा पाठ असलेलं स्तोत्र आठवेना. “सांभाळ,” एवढंच म्हणाले, “तुझ्या पद्धतीने.”